बुडीत एकर

दर जानेवारीत व्हर्डेल टनस्टॉल येते
पल्याडहून. नकाशावर मात्र अल्याडच,
कारण काउंटीची हद्द अजून तिथंच आहे
जिथं नदी होती.
एका एप्रिलच्या रात्री नदीनं कूस बदलली
आणि कॅटोज बेंड तिकडं राहिलं:
सतरा घरं, एक चर्च, कापसाची जिनिंग,
आणि लम कुटुंबाचं दुकान,
जिथं खारवलेलं डुकराचं मांस आणि सोया सॉस
एकाच फळीवर असायचं.
तराफा होता. तराफेवाला वारला.
आता वळसा एकेचाळीस मैलांचा.

ती पाकीट काढते, नोटा मोजते.
अकरा एकरांचा कर.
अकराच्या अकरा एकर पाण्याखाली,
वर मासे, बार्जेस, कधी एखादं ओंडकं.

पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं,
अर्ज करा बाई, नाव कमी होईल.
ती म्हणाली, "नदीनं घेतलीय.
आम्ही विकलेली नाही."
मग पावतीवरचं स्पेलिंग तपासलं, दोनदा.

तळघरात वह्या आहेत. ओल येते, चुना झडतो.
'ड' वहीत, पान दोनशे बारा:
अ‍ॅबसलम टनस्टॉल, चाळीस एकर,
नदीकाठापासून वीज पडलेल्या सिकामोरपर्यंत,
रोख. सहीच्या जागी फुली,
इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीय.
'ब' वही नऊ वर्षं आधीची.
तिथंही अ‍ॅबसलम आहे,
एक खेचर आणि तांब्याची भट्टी यांच्या मधोमध,
पुढं किंमत.
खेचराची थोडी कमी.

दोन्हीकडं अक्षर एकच,
'ट'ची शेपटी डावीकडं वळवलेली, ऐटीत.
कारकुनाचं नाव खाली आहे.
माझ्या दारावर तेच आडनाव आहे.

हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिला माहीत असावं. ती खिडकीतून
टेकाडाकडं बघत बसते, जे टेकाड
आमच्या सगळ्यांच्या आधीच्या माणसांनी
टोपल्या टोपल्यांनी माती वाहून रचलं,
ज्यांचं नाव आता फक्त एका ओढ्याला उरलंय
आणि तेही आम्ही चुकीचं उच्चारतो.

"यंदा पाणी उतरलं होतं," ती म्हणते,
"कुंपणाचे तीन खांब दिसले.
सीडरचे. काही झालेलं नाही त्यांना."

मी पावती लिहितो.
ट काढताना हात जरा थांबतो,
आणि शेपटी आपोआप
डावीकडं जाते.