पलीकडचा कोंबडा

खायचं अंडं आठ रुपयांना,
रवणीचं पंधरा.
लोक विचारतात, फरक काय?
फरक परसात हिंडतो आहे,
तांबड्या मानेचा, तुरा डावीकडे कललेला,
शिमग्यापासून एका पायाने किंचित लंगडा.

मी अंडी धूत नाही. शेण लागलं तर सुक्या फडक्याने पुसते.
निमुळती बाजू खाली, भाताच्या तुसात,
वर तारीख, पेन्सिलीने.
सात दिवसांवरचं एकही देत नाही,
ते आमच्या पोळीत जातं.
देताना तेरा. आणि एक कोळसा,
ढगांच्या गडगडाटाने नासू नयेत म्हणून.
कोळशाचे पैसे घेत नाही.
कोळशावर माझा विश्वासही नाही,
पण नेणारीचा असतो
आणि बसणार तिची कोंबडी आहे.

मग वायंगणीची सुगंधा मेस्त आली.
एकविसाव्या दिवशी नव्हे, पंचविसाव्या;
वरचे चार दिवस तिने माझी अब्रू राखायला थांबून काढले.
पिशवी ओट्यावर ठेवली नाही, हातातच धरली.
"तेरातलां एकव फुटाक नाय गो.
माझी कोंबडी बसान बसान हाडां झाली."

मी म्हटलं, एसटीत हादरली असतील.
ती म्हणाली, चालत नेली, डोक्यावरून.
मी म्हटलं, मध्ये वीज झाली होती.
ती म्हणाली, कोळसा होता ना.
एकेक फोडून पाहिलं होतं तिने, माडाच्या मुळाशी:
नुसतं पाणी.
रक्ताचा टिपकासुद्धा नाही.

मग लाकडांच्या ढिगावर बसलेल्याकडे बघून
"कोंबो म्हातारो झालो तुझो,"
हे तिने हळू सांगितलं,
जसं बाईला तिच्या नवऱ्याबद्दल सांगावं.
मी दोनशेची नोट दिली.
तिने कनवटीचे पाच सुटे परत केले.

त्याला राखणीला द्यायचं तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं.
दरवर्षी मी दुसरा दिला, बाजारातला,
आणि राखणदाराला सांगितलं,
हा कामावर आहे.

नवा शोधायला निघाले.
आचऱ्यात एक दिसला, देखणा. तुरा डावीकडे.
वायंगणीत दोन. दोघांचा डावीकडे.
तोंडवळीत देवळामागे, शाळेच्या गडग्यावर,
वाळत घातलेल्या रापणीवर उभा राहून
समुद्राला दम देणारा, तोसुद्धा.
अकरा वर्षं टोपलीटोपलीने विकत गेले
आणि आता अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याच घरचं आरवणं.
रक्तावर रक्त घालू नये,
एवढं कोंबडीवालीला कळतं.
माणसांना त्यासाठी गोत्रं लागली.

तळाशीलहून होडीने पलीकडे गेले, सर्जेकोटला.
आग्नेस डिसोझाकडे एक काळा होता,
मानेवर पीस नाही, डोळा वाईट.
पहिल्याच चोचीत त्याने माझ्या बोटाचं रक्त काढलं.
"हजार," आग्नेस म्हणाली, "आनी परत घेवचंय नाय."
मीही गिऱ्हाइकाला असंच म्हणते.
मोजले.
होडीत तो डालग्याखाली गप्प होता.
खाडीच्या मध्यावर अलीकडून आमचा आरवला,
किंवा त्याच्या लेकांपैकी कुणी.
काळ्याने मान उचलली.
उत्तर दिलं नाही.

जुना अजून लाकडांवरच झोपतो.
पहाटे तीनला आरवतो, हजेरी लावल्यासारखा.
राखण पुढल्या महिन्यात आहे.
मी अजून काही ठरवलेलं नाही.

काल रात्री सातव्या दिवसाचं अंडं
मोबाइलच्या उजेडावर धरलं.
आत कोळ्याएवढं काहीतरी,
लाल पाय पसरलेलं,
हललं.
आतून नवरा म्हणाला, उजेड घालव, पाकोळ्या येतात.

सकाळी पाटीवरचे पंधरा पुसून अठरा केले.
सुगंधाची तेरा बाजूला ठेवली आहेत,
जुन्या भावाने.
कोळसे दोन.