अडीच सूत, चोवीस आटे

"बिनडोक्याचा?" गालाशेठनं चष्म्यावरून पाहिलं.
हो, बिनडोक्याचा. दोन्ही टोकांना आटे,
लांबी माझ्या करंगळीच्या पेराएवढी.
"मशीन कुठलं?"
धनुष्य.
जांभळी नाक्यावरच्या त्या दुकानात
बिजागऱ्या निवडणारी चार गिऱ्हाइकं वळली,
जणू मी बाहेर
डबल पार्किंगमध्ये रथ लावून आलेय.

रथ नव्हता. पाठीवर सावनीची काळी पिशवी होती,
पिशवीत लाल रायझर, रायझरच्या पोटात
एक भोक, ज्यात काहीच बसत नव्हतं.

धनुष्य अमरावतीहून आलं, एसटीच्या पार्सलनं,
परिमल नावाच्या मुलीचं. लग्नानंतर तिची तिरंदाजी सुटली.
सगळं पाठवलं तिनं: दोऱ्या, मेणाची वडी,
बोटांच्या घामानं काळवंडलेलं चामडं,
आणि तो लांब दांडा, ज्याच्याशिवाय
बाण सुटल्यावर धनुष्य हातात भांबावतं.
दांडा जोडायचा स्क्रू तेवढा नव्हता.
रविवारी जिल्ह्याची निवड.

गालाशेठनं आठ एमएमचा दिला.
दीड फेरा गेला आणि अडला.
मी मनगट जरा आवळलं, तसा तो ओरडला,
"नको ताई! ॲल्युमिनियम आहे, आटे मरतील."

आटे मरतात, हे मला ठाऊक नव्हतं.
मी पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते.
तिथं न बसणारी बेरीजसुद्धा
आम्ही पाचच्या आत बसवतो.

मग अडीच सुताचा, जाड आट्यांचा.
तो तर दारातच थांबला, रुसलेल्या व्याह्यासारखा.
"वागळेला जा," गालाशेठ म्हणाला,
"बनवूनच घ्यावा लागेल."

रोड नंबर बावीस. पुढं सगळ्या काचा,
गळ्यात पट्टे घातलेली मुलं चहा पीत उभी.
मागच्या गाळ्यात एकच लेथ मशीन चालू
आणि त्याच्यावर एक बाई.
कुंदा घरत. आयटीआय, टर्नर, वर्गात एकटी.
हे मी विचारलं नव्हतं.
बहुतेक सगळ्यांनाच सांगत असावी.

तिनं भोकात एक आगकाडी दाबली, फिरवली,
बाहेर काढून उजेडात धरली.
काडीच्या अंगावर बारीक ओरखडे.
पट्टीला लावून मोजले: पाव इंचात सहा.
"अडीच सूत, चोवीस आटे," ती म्हणाली,
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगावं तसं,
आणि मला तेवढंच हलकं वाटलं.

ती कापत होती तोवर मी परिमलला फोन लावला,
उगाच, की बाई, होतंय तुझं धनुष्य नीट.
मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं,
दुसऱ्याच नावानं.
"स्क्रू ना?" ती म्हणाली. थांबली.
"तो इथंच आहे. म्हणजे, मुद्दाम नाही हो...
पाठवू का?"
नको, म्हटलं, दुसरा होतोय.
"होतोय ना? मग राहू दे."
किती पटकन म्हणाली.

कुंदाताईनं कीस फुंकला,
गरम स्क्रू माझ्या तळव्यावर ठेवला.
"ऐंशी द्या. दोन केलेत. एक हरवतोच."

संध्याकाळी कोलशेतच्या मैदानावर
सावनीनं तो बोटांनीच फिरवला.
मी फेरे मोजत होते. दीडला माझा श्वास अडकला.
तीन. सहा. नऊ. दहाव्याला
तो थांबला, अडला नाही, थांबला.
हातात दांडा धरून ती दूरच्या पिवळ्या वर्तुळाकडे
बराच वेळ बघत राहिली.
पहिला बाण गवतात गेला.

दुसरा स्क्रू माझ्या पर्समध्ये असतो.
खिडकीवर रांग नसली की नखानं आटे मोजते.
चोवीस कधीच येत नाहीत,
एकोणिसाव्यालाच बोट निसटतं.
पूर्ण इंचाचा नाहीये ना तो.