जो

मिरजेच्या वॉर्डात डॉक्टरनं आईचा डावा हात मागितला.
मूठ आवळा म्हणाला. मनगटाच्या दोन्ही नाड्या
अंगठ्यांनी दाबून धरल्या, मग एकच सोडली.
पांढराफटक तळवा हळूहळू लाल होत गेला.
"एका नाडीवर हात जगेल," तो म्हणाला,
"दुसरी आम्ही घेणार. कातडीसकट."

डाव्या गालाचं आतलं सगळं काढायचं होतं,
तव्यावर भाजलेली मिसरी घेऊन तीस वर्षं
रोज पहाटे बोट जिथं फिरायचं, ती जागा.
मी वहीत लिहून घेत होते.
आईनं एवढंच विचारलं,
"म्हंजी कलमच की ओ?"

पळशीच्या निम्म्या बागा तिनं बांधल्यात.
दिवसभर वाकून. खुंटाला चीर, काडीला पाचर,
सालीला साल, वरनं पट्टी.
"पट्टी ढिली राहिली की वारं शिरतं," ती त्याला म्हणाली.
तो हसला नाही.
"आम्हालाही तीच भीती असते," म्हणाला.

त्या हातावर नाव होतं.
लग्नाच्या पहिल्याच वर्षी, रेणावीच्या जत्रेत
मशीनवाल्यासमोर बसून गोंदवून घेतलेलं:
जोतीराम.
वडील तेव्हा नुकतेच कोइमतूरला गेले होते, गलाईला,
दुसऱ्यांचं सोनं वितळवायला.
नाव तिनं कधी घेतलं नाही. "हे." "आमचं माणूस." "शालनचा बा."
बारशाला बायकांनी दारात अडवलं तरच,
उखाण्याच्या शेपटाला, पदर तोंडाशी धरून.

नऊ तास लागले.
रात्री दर तासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायची,
गालातल्या नव्या कातडीला टाचणी टोचायची,
लाल थेंब आला की तक्त्यावर खूण.
आईच्या गळ्याला भोक, नाकात नळी, आवाज नाही.
तिनं उजव्या हाताच्या दोन बोटांनी
हवेत एक पट्टी गुंडाळली
आणि भुवया उडवल्या.
धरलं, मी म्हणाले. धरलंय.

आठव्या दिवशी हाताचं बँडेज सुटलं.
मांडीची पातळ साल तिथं डकवलेली,
करपा पडलेल्या पानासारखी.
डॉक्टरच्या चौकोनाबाहेर, कोपराकडच्या बाजूला,
एक अक्षर तेवढं राहून गेलेलं:
जो.

मी शाळेत शिकवते. 'जो' आला
की मागनं 'तो' यावा लागतो,
नाहीतर वाक्य लटकतं.
तो भट्टी सोडून येऊ शकत नव्हता.
पैसे आले. वेळेवर आले, पुरेसे आले.

मग तीस दिवस लाईट. मग घर.
एका दुपारी तिनं तोंड उघडलं, जेमतेम दोन बोटं.
"बघ."
मोबाइलच्या उजेडात, गुलाबी मांसात
एक हिरवट रेघ, थोडी वाकडी,
आणि हातावरचेच दोन-तीन केस, ओले.
'ती' ओळखू आला. मला माहीत होता म्हणून.
"हाय न्हवं?" तिनं विचारलं, आणि तोंड मिटलं,
डबा झाकावा तसं.

मोठ्यानं बोला, सांगितलं होतं. रोज. न लाजता.
तिला मोठ्यानं म्हणण्यासारखं एकच येत होतं.
भिंतीकडं तोंड करून ती उखाणे म्हणायची.
निर्यातीच्या पेटीत घड ठेवले तोलून:
पेटीची पेती व्हायची, घड नुसतेच ओघळायचे,
आणि नावाशी आली की ती थांबायची,
दारात कुणी अडवलेलं नसताना.

रविवारी वडिलांचा फोन आला. मी तिच्या हातात दिला.
ती काहीतरी म्हणाली.
"कोण बोलतंय?"
ती पुन्हा म्हणाली.
"आवाज कळंना. कोण हाय?"

तिनं पदर शोधला नाही.
"जोतीराम," म्हणाली.
'ज'मधून वारं गेलं, 'र' लोळला,
'म' मात्र नीट मिटला, दोन्ही ओठांनी.

पलीकडं भट्टीचा पंखा तेवढा वाजत राहिला.