साठ वजा दोन

केमियार्वीच्या बाहेर, गोठ्याचं गॅरेज केलंय मी.
एका कोपऱ्यात रेनडिअरच्या खाद्याची पोती अजून तशीच,
मध्ये वडिलांची खोक्यासारखी व्होल्वो,
आणि तिच्या नाकात जर्मन इंजिन, सहा सिलिंडरांचं,
ओउलूच्या रस्त्यावर उलटलेल्या गाडीतून काढलेलं.
बसलं एकदाचं. माउंट जुळले,
सम्पला जागा हवी म्हणून क्रॉसमेंबर कापून पुन्हा वेल्ड केला.
आता फक्त डोकं नाही त्याला.

डोकी तीन आहेत.

पहिलं त्याचं स्वतःचं. फुकट.
पण मूळ मालकाची किल्ली ओळखल्याशिवाय तोंड उघडत नाही,
आणि ती किल्ली कुठल्यातरी खड्ड्यात, बर्फाखाली.

दुसरं आर्वोचं.
सुटे भाग मागवून त्यानं स्वतः जुळवायला घेतलेलं,
हिरव्या पाटीला अर्ध्यापर्यंतच डाग दिलेले.
मग वाटणीवरून आमचं वाजलं,
आणि तो किरुनाच्या खाणीत निघून गेला.
दोन हिवाळे झाले.
पाटी बिस्किटांच्या डब्यात आहे.

तिसरं विकत घ्यायचं.
तळहाताएवढी ॲल्युमिनियमची डबी,
शाळेच्या टॅक्सीच्या दोन महिन्यांच्या फेऱ्या तिच्यात मावतात.

तौनोला विचारलं.
रोवानिएमीत तो एकटाच इंजिन ऐकतो,
म्हणजे खरंच ऐकतो:
तांब्याची नळी ब्लॉकला बोल्टनं आवळायची,
दुसरं टोक कानावरच्या मफमध्ये,
आणि डोळे मिटून बसायचं, ठोका पडतो का बघत.
डावा कान गेलाय त्याचा. उजव्यावर धंदा चालतो.

म्हणाला, "कुठलंही घे. सगळ्यांचं काम एकच,
हवा किती आली, पेट्रोल किती, ठिणगी कधी.
तू एवढंच सांग मला, वुओक्को,
इवालोच्या वाटेवर, रात्री दोनला, उणे तिसात
गाडी बंद पडली, तर फोन कोणाला लावशील?"

"तुला."

"मग माझ्या ओळखीचं घे."

डबी आली. कॉफीच्या डागांवर लॅपटॉप उघडला.
जुन्या वायरिंगचं जंजाळ जमिनीवर पसरलं,
आणि आर्वोचा पुठ्ठा समोर घेतला,
त्याच्या ठोकळेबाज अक्षरातला:
एक, इंजेक्टर. दोन, इंजेक्टर. सात, थ्रॉटल.
प्रत्येकापुढे तारेचा रंग.
तेविसावर पेन थांबलंय.
पुढे नुसती रेघ, कोणीतरी हाक मारल्यासारखी.

डोकं कुठलंही घेतलं तरी इंजिनाच्या तारा त्याच.
हे मला आधी सुचलं नव्हतं.

पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
तीन दिवसांनी उत्तर:
"२४ पाण्याचं तापमान. तपकिरी, लाल पट्टा.
२५ माहीत नाही. मीटर लावून बघ."
बाकी काही नाही. कशी आहेस वगैरे नाही.
मी मीटर लावला.

मग पडद्यावर डबीनं विचारलं:
क्रँकच्या चाकाला दात किती?
साठ.
त्यातले नसलेले किती?
दोन.

ते दोन झिजत नाहीत, तुटत नाहीत,
कारखान्यातच ठेवलेली असते ती जागा.
अठ्ठावन्न दात एकसारखे जातात समोरून,
त्यांच्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.
मध्येच रिकामं येतं,
आणि डबीला समजतं, आपण कुठे आहोत.

सकाळी उणे एकतीस. तक्त्यात त्या रकान्यात शून्य.
तौनो म्हणाला होता, तो आकडा कोणी तयार देत नाही,
इतक्या थंडीत पहाटे उठून बसायची कोणाला हौस?
मी अंदाजानं एक भरला. किल्ली फिरवली.
खोकलं. थांबलं.
पेट्रोल सहा टक्के वाढवलं.
पुन्हा खोकलं, चार-पाच फेऱ्या धरलं, गेलं.
बॅटरीत अजून दोन खेपांपुरता जीव असेल.

पुठ्ठ्यावर, पंचविसापुढे, मी माझ्या अक्षरात लिहिलं:
क्रँक सेन्सर. काळी.
फोटो काढला.
मग आणखी तीन टक्के.