चहाची गाळणी

तेवीस वर्षं थोंगखाम रात्रीची बस चालवतो,
उदोन थानीहून बँकॉक, आणि परत.
पाणी प्यायचा नाही.
प्यायलं की थांबावं लागतं,
थांबलं की उशीर, आणि उशीर पगारातून कापतात.
मी काय बोलणार,
मी बसस्टँडवर चहा विकते.

लोकांचा हात दगडाखाली सापडतो.
याचा दगड आतच निघाला, डाव्या कुशीत,
मूत्रपिंडातून उतरताना वाटेत अडकलेला,
अकरा मिलिमीटर.
त्या रात्री खोन केनच्या फलाटाला
बस नीट लावून, हँडब्रेक ओढून,
मग तो वाकला,
तो सरळ झालाच नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या धाकटीच्या वयाची.
तिनं कागदावर रेघ ओढली: ही नळी, हा मुतखडा,
दुर्बीण इथून वर जाईल.
कुठून, ते ऐकून थोंगखाम
भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.
दुर्बिणीतून केसाएवढी तार, तारेतून लेसर.
"फोडणार?" मी विचारलं.
"नाही मावशी, पीठ करणार."

माझ्या माहेरी मातीतून मीठ काढतात.
खारी माती धुवायची, गाळायची, रात्रभर आटवायची.
तेच मीठ मी जन्मभर त्याला वाढलं,
माशात, चटणीत, कच्च्या आंब्यावर.
बाहेरच्या बाकावर बसून
मी तो हिशेब करत होते.
दिवा विझला तेव्हा हिशेब अर्धाच झाला होता.

आत एक नळी ठेवून दिली, दोन आठवड्यांसाठी,
दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी वळलेली.
लघवीला गेला की पाठीत कळ,
दर अर्ध्या तासानं घाई,
आणि भांड्यात कलिंगडाच्या रसाचा रंग.
"असं होतंच," नर्स म्हणाली,
"पाणी पाजा. तीन लिटर. आणि गाळून बघा."

चहाची माझी गाळणी नारिंगी झालेली,
तिच्यात रक्त काय दिसणार.
मी पांढऱ्या कापडाची नवी शिवली.
चौथ्या दिवशी तिच्यात वाळू आली,
चिमूटभर, तपकिरी.
थोंगखामनं चष्मा लावून पाहिली.
"एवढ्यासाठी?" म्हणाला,
आणि न सांगता आणखी एक ग्लास प्यायला.

नळी काढली. महिन्याभरानं तो पुन्हा बसवर गेला.
पुढचं कंडक्टर बुनमानं सांगितलं.
कोराट मागे पडलं, रात्रीचे दोन वाजलेले,
तळ्याच्या काठानं रस्ता वळतो तिथं
यानं बस बाजूला घेतली, दिवे लावले,
काही न बोलता उतरून चिंचेमागे गेला.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

कुणी ओरडेल म्हणून बुनमा दारात उभा राहिला.
कुणी ओरडलं नाही.
मागच्या बाकावरून एकजण उठला, मग दुसरा,
मग एकामागून एक अकराजण उतरले,
एक म्हातारी तर चपला न घालताच.