सोळा मिलिसेकंद

ग्रॅम हेडली म्हणतो, तुझी यादी अडखळते.
मला दिसत नाही.
तो म्हणतो, बघूच नकोस. अंगठा ठेव. डोळे मीट.

न्यूकॅसल, नदीकाठचं ऑफिस, तिसरा मजला,
दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले,
आणि मी डोळे मिटून
पेशंटांची नावं वर ढकलते आहे.
घरोघरी जाऊन जखमा बांधणाऱ्या नर्सांचं अ‍ॅप.
बावन्न नावांनंतर
खरंच लागतो,
भातात लागावा तसा एक बारीक खडा.

मी वेबवाली. ब्राउझर जसा असेल तसा
चालवून घेणं हा आमचा कुळाचार.
एकदा लिहायचं, दोन्ही फोनांत ओतायचं.
त्याचं तसं नाही. तो आयफोनचं वेगळं लिहितो,
अँड्रॉइडचं वेगळं,
आणि एकच चूक दोनदा दुरुस्त करतो
कुरकुर न करता,
जुळ्यांची दोन्ही नाकं पुसावीत तशी.

त्याच्या कामाला इथे नेटिव्ह म्हणतात.
हा शब्द माझ्यासमोर उच्चारताना
लोक उगाच घुटमळतात.
मी एरंडोलची. घरी अहिराणी,
शाळेत पुस्तकातली मराठी, आता ही इंग्रजी.
माझं प्रत्येक वाक्य पूल ओलांडून येतं.
विनोदावर मी सगळ्यांनंतर हसते
हे फक्त ग्रॅमच्या लक्षात आलंय.
तो थांबतो तेवढं.

फेब्रुवारीत हिशेब झाला.
पैसे एकाच कोडपुरते होते.
वाद आमचा, निकाल एक्सेलचा.
तू जिंकलीस, असं मला कळवण्यात आलं,
केकसकट.

शेवटच्या शुक्रवारी तो उशिरापर्यंत बसला.
सोमवारी पाहिलं, माझ्या कोडच्या पोटात
त्याची एक फाइल,
आयफोनची निराळी, अँड्रॉइडची निराळी,
म्हणजे दोन.
वर टीप:
यादी आता अडखळणार नाही.
बटणं मोठी केली आहेत.
नर्सांच्या हातात मोजे असतात,
भांडताना आपण दोघंही विसरलो.

त्या फाइलींना कोणी हात लावत नाही.
काल गेट्सहेडहून एका नर्सचा फोन आला,
भर पावसात कुणाच्या तरी दारात उभी,
लॉगिन होत नाही म्हणून.
चूक माझी होती.
एकदाच दुरुस्त केली, भागलं.
दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.