फुफाटा

लीथ वॉकच्या उतारावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी
इशबेलचं दुकान आहे. दार खांद्यानं ढकलावं लागतं,
दमट हवेनं लाकूड फुगलेलं.
मी शिरले ते नुसती छत्री निथळवायला.

तिनं कागदाची पट्टी पुढं केली.
"लगेच हुंगू नका," म्हणाली, "जपानात सुगंध ऐकतात."
मी कान दिला नाही, नाकच दिलं.

आधी गोड. मग धूर. मग त्या दोघांमधली
एक जागा, करपण्याच्या जरा अलीकडची,
जिथं रताळ्याची साल उकलते
आणि आतला पाक राखेला चिकटतो.

"ओकिबी," ती म्हणाली. ज्वाळा सरल्यावर उरतो तो विस्तव.
दोन हिवाळे ती तिकडं इंग्रजी शिकवायची,
समुद्राकाठच्या एका गावात, आणि रात्री गल्लीतून
भाजलेल्या रताळ्यांची गाडी जायची, हाळी देत.
परत आल्यावर अकरा वर्षं लागली तिला
ती गाडी बाटलीत थांबवायला.

मी म्हटलं, आमच्याकडं याला शब्द आहे. फुफाटा.
आगीतून उठून आम्ही त्यातच पडतो,
आणि रताळीही त्यातच भाजतो.
तिनं तो तीनदा म्हणून पाहिला.
फ तिच्या ओठांवरून नुसती फुंकर होऊन गेला,
आणि ते चुकलं असं मला म्हणवेना.

धूर मला नवा नाही. चौदा वर्षं
विमा कंपनीत मी आगीचे दावे तपासते.
खरा धूर गोड नसतो. तो ओल्या प्लॅस्टरचा असतो,
वितळल्या वायरींचा, कुणाच्या तरी गादीचा,
आणि कोटाच्या अस्तरात शनिवारपर्यंत राहतो.
अप्पा फोनवर हसायचे: म्हणजे अनुमानावर पगार घेतेस!
मिरजेच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर एकच डोंगर शिकवला.
डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे.
जसं स्वयंपाकघर.
तळ्यात अग्नी नाही, म्हणून तिथं धूरही नाही.

या शहराला जुने लोक लाडानं धुरकट म्हातारी म्हणत.
डोंगरही आहे इथं, ऐन वस्तीत,
विझून कोट्यवधी वर्षं झालेला.
अप्पा आले होते त्या ऑक्टोबरात
त्याच्या पायथ्याच्या तळ्यावर सकाळी वाफ उठली होती.
काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले.
"घ्या," म्हणाले, "यांचं तळंसुद्धा वाद घालतं."

ते गेले तेव्हा विमानं बंद होती.
चुलतभावानं कृष्णाकाठी फोन उंच धरला.
काचेत धूर दिसला.
म्हणून तिथं अग्नी होता.
वास आला नाही.

"इशबेल, यात जाळलंय काय?"
"मी? काहीच नाही," ती म्हणाली.
बर्चचं डांबर, तेही दुसऱ्याच कुणी आटवलेलं,
थोडं लाकडाचं तेल, आणि साखर नसलेली साखर.
अग्नीवाचून धूर. पाच मिलिलिटर, अठ्ठावीस पौंड.

अप्पा म्हणाले असते, हेत्वाभास.
मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले असते, बघू तरी.

मनगटाला लावून मी बसमध्ये बसले.
काचा बंद, सगळ्यांचे कोट ओले,
आणि माझ्या बाहीतून तो हळूहळू
बाहेर येऊ लागला, मला न विचारता.
कुणीतरी खोकलं. एका बाईनं वर पाहिलं,
धुराची घंटा कुठं आहे ते शोधल्यासारखं.

पुढच्या सीटवरचा पोरगा वळला,
समोरचे दोन दात पडलेला.
नाकपुड्या हलल्या. माझ्याकडं पाहिलं,
माझ्या हाताकडं पाहिलं, विचार केला,
आणि आईची बाही ओढून म्हणाला,
मला भूक लागलीये.